बिनकवाडांचें गांव आणि मोटारीचा धूर

(नभोवाणीवरील भाषण)

नगर जिल्ह्याच्या नेवासें तालुक्यांत शनिशिंगणापूर म्हणून जें गांव आहे, त्याची ख्याति आपणांस ठाऊक आहेच. जिल्ह्याचें नांव सन २०२४ मध्यें अहिल्यानगर झालें. परंतु जुन्या संवयीनें माझ्या तोंडीं नगर हेंच येतें, त्याबद्दल क्षमा असावी. नगरहून छत्रपति संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर घोडेगांव लागतें, आणि तेथून आंत वळलें कीं थोड्याच वेळांत शिंगणापूर येतें. काळ्या पाषाणाची सुमारें साडेपांच फूट उंचीची शिळा तेथें उघड्या चौथऱ्यावर उभी आहे. तिच्यावर शिखर नाहीं, छप्पर नाहीं. देवाला दार नाहीं, तेव्हां भक्ताच्या घराला तरी कशाला, अशा भावनेनें गांवांतील घरांना कवाडें न बसविण्याची रीत पडली. सन २०११ मध्यें युको बँकेनें या गांवीं शाखा उघडली, तेव्हां तिनेंहि गांवचा मान राखून दाराला कुलूप न घालण्याचें ठरविलें, आणि त्याची देशभर चर्चा झाली. गांवांत चोरी मुळींच होत नाहीं असें मी म्हणणार नाहीं. सन २०१० पासून कांहीं तक्रारी नोंदल्या गेल्या, आणि २०१५ सालीं तेथें पोलीस ठाणेंहि आलें. तरीपण जेथें कुलूप हेंच अविश्वासाचें चिन्ह मानतात, असें गांव दुसरें दाखवितां येणें कठीण.

आज मला बोलावयाचें आहे तें मात्र घराच्या दाराविषयीं नव्हे, तर मोटारीच्या धुराविषयीं. हे दोन विषय एकत्र कसे आले तें आधीं सांगतों.

मी जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला, याच भागांत आयुष्यभर मास्तरकी केलेला मनुष्य. यंत्रशास्त्राचा मी पंडित नव्हें. गेल्या एका शनि-अमावास्येस माझा पुतण्या पुण्याहून आपली मोटार घेऊन आला व मला शिंगणापुरास घेऊन गेला. गाडी पूर्वीचीच, पण तिचा आवाज मला निराळा वाटला. मी विचारलें, तेव्हां तो मोठ्या उत्साहानें म्हणाला, "काका, गाडी आतां मोकळा श्वास घेते. सायलेन्सरच्या वाटेंत कंपनीनें एक डबा घातलेला असतो, तो काढून टाकला. गाडी काय पळते म्हणून सांगूं!"

"कसला डबा रे?"

"कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. धूर साफ करायला असतो म्हणतात. पण इंजिनाचा जोर खातो."

अमावास्येची गर्दी होती. वाहनतळावर गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या, आणि आमची गाडी इंजिन चालूं ठेवून जागेची वाट पाहत उभी राहिली. मागें तेलाच्या बाटल्या व रुईच्या पानांच्या माळा मांडून एक बाई बसली होती. तिनें तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "दादा, गाडी जरा पुढं घ्या. डोळं झोंबत्यात." पुतण्यानें गाडी पुढें घेतली, हातांतील किल्लीचें बटण दाबून ती नीट कुलूपबंद केली, आणि आम्ही दर्शनास गेलों. परत येतांना माझ्या मनांत एकच प्रश्न घोळत होता. हा डबा आला कोठून, कोणी व कशासाठीं बसविला, आणि तो काढला म्हणजे नेमकें काय होतें? त्यानंतर मीं जें वाचलें व जाणत्यांस विचारलें, त्याचा सारांश आज आपणांपुढें ठेवतों.

या डब्याची मूळ कल्पना मोटारीहून जुनी आहे. सर हंफ्री डेव्ही हे नांव आपण शाळेंत खाणींतील सुरक्षित दिव्याच्या संदर्भांत शिकलों. सन १८१७ च्या सुमारास त्या दिव्याचे प्रयोग चालले असतां त्यांना असें आढळलें कीं, प्लॅटिनमची ऊन केलेली तार ज्वालाग्राही वायु व हवा यांच्या मिश्रणांत धरली असतां ज्वाळा न होतां ती तार लाल होऊन झळकत राहते. म्हणजे वायु जळत होता, परंतु ज्योतीवांचून. आणि तारेचें कांहींच झिजत नव्हतें. पुढें १८२३ सालीं डोबेराइनर या जर्मन रसायनज्ञानें प्लॅटिनमच्या चूर्णावर हायड्रोजनचा झोत सोडून अग्नि उत्पन्न केला. स्वतः न खर्चतां दुसऱ्या दोन पदार्थांचा संयोग घडवून आणणाऱ्या या शक्तीला स्वीडनच्या बर्झेलियसनें १८३५ मध्यें "कॅटॅलिसिस" हें नांव दिलें. आपल्याकडे लग्न जुळविणारा मध्यस्थ असतो. तो दोन घराणीं एकत्र आणतो, आणि आपण होता तसाच आपल्या घरीं परत जातो. प्लॅटिनमचें काम नेमकें असेंच आहे. मराठींत त्याला उत्प्रेरक म्हणतात.

या गुणाचा मोटारीशीं संबंध आला तो अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरामुळें. सन १९४३ च्या उन्हाळ्यांत त्या शहरावर असा दाट, डोळ्यांना झोंबणारा धुरकट पडदा उतरला कीं, युद्धाचे दिवस असल्यामुळें कित्येकांना तो शत्रूचा विषारी वायूचा हल्ला वाटला. कारखाने धुंडाळले, कचरा जाळणें थांबविलें, तरी पडदा हटेना. शेवटीं एरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनज्ञानें १९५० नंतरच्या वर्षांत त्याचा उलगडा केला. मोटारींच्या नळीवाटे न जळलेलें पेट्रोल व नायट्रोजनचीं ऑक्साइडें बाहेर पडतात. सूर्यप्रकाशांत त्यांचा संयोग होऊन ओझोन व इतर दाहक द्रव्यें बनतात. आणि तींच डोळे व छाती जाळतात. म्हणजे गुन्हेगार एखादा कारखाना नव्हता. ज्याच्या त्याच्या दारांत उभी असलेली मोटार हीच ती गुन्हेगार. मोटारवाल्यांना व मोटारी बनविणाऱ्यांना हें सत्य सहजासहजीं रुचलें नाहीं.

याच सुमारास यूजीन हूड्री नांवाचा एक फ्रेंच यंत्रज्ञ अमेरिकेंत स्थायिक झाला होता. खनिज तेलापासून उत्तम पेट्रोल काढण्याची उत्प्रेरक पद्धति त्यानें पूर्वींच शोधून काढली होती, आणि तिच्यावर त्याला कीर्ति व पैसा दोन्ही मिळालीं होतीं. आपण काढलेल्या पेट्रोलचा धूर लोकांच्या छातींत जातो हें पाहून त्यानें उतारवयांत धूर शुद्ध करणारा डबा बनविण्याचें मनावर घेतलें, आणि १९५६ सालीं त्याला त्याचें पेटंट मिळालें. ज्या हातानें वाटेंत कांटे पडले, त्याच हातानें ते उचलण्याचा हा प्रयत्न मला फार मोलाचा वाटतो.

परंतु हूड्रीचा डबा मोटारींत चालेना. कारण पेट्रोलमध्यें शिसें होतें. सन १९२१ मध्यें थॉमस मिजली या अमेरिकन यंत्रज्ञानें असें शोधलें होतें कीं, पेट्रोलमध्यें टेट्राएथिल लेड हें शिशाचें संयुग मिसळलें म्हणजे इंजिनाचा ठोका थांबतो आणि जोर वाढतो. शिसें विषारी आहे हें तेव्हांहि ठाऊक होतें. तें बनविणाऱ्या कारखान्यांतील कामगार त्यानें दगावले होते. तरीहि जगभर तें चालू झालें. धुरांतून येणारें हें शिसें प्लॅटिनमच्या पृष्ठावर थर धरून बसे, आणि उत्प्रेरक निकामी होई. म्हणजे जोराच्या हव्यासानें पेट्रोलमध्यें घातलेल्या विषानें धूर शुद्ध करणाऱ्या उपायाची वाट कैक वर्षें अडवून ठेवली. माझ्या पुतण्याच्या गाडीची गोष्ट येथें जरा ध्यानांत ठेवावी. जोर आणि हवा यांचा हा झगडा आजचा नव्हे.

ही कोंडी कायद्यानें फुटली. अमेरिकेनें १९७० सालीं शुद्ध हवेचा कायदा केला व मोटारींच्या धुरांतील मुख्य विषें नऊ-दशांशांनीं कमी करावींत असें फर्माविलें. कारखानदार म्हणाले हें अशक्य आहे. परंतु १९७४ पासून बिनशिशाचें पेट्रोल पंपावर ठेवणें भाग झालें, आणि १९७५ च्या नमुन्याच्या बहुतेक नव्या अमेरिकन गाड्यांखालीं हा डबा आला. तो पहिला डबा कार्बन मोनॉक्साइड व न जळलेलें पेट्रोल या दोहोंचाच बंदोबस्त करी. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचाहि बंदोबस्त त्याच डब्यांत करण्याची युक्ति जॉन मूनी व कार्ल कीथ यांनीं साधली, आणि १९७६ च्या अखेरीस स्वीडनच्या व्होल्व्हो गाडींत ती प्रथम बाजारांत आली. आज ज्याला तिहेरी उत्प्रेरक म्हणतात तो हाच.

आतां आपल्या देशाकडे वळूं. सन १९८८ चा मोटार वाहन कायदा व १९८९ चे केंद्रीय नियम यांपूर्वीं धुराविषयीं देशव्यापी असें मोजमाप नव्हतें. पेट्रोलच्या गाड्यांना पहिलीं बंधनें १९९१ सालीं घातलीं गेलीं. किलोमीटरमागें कार्बन मोनॉक्साइड १४.३ ते २७.१ ग्रॅमपर्यंत सोडण्यास गाडीच्या वजनाप्रमाणें तेव्हां मुभा होती. १९९६ सालीं ही मर्यादा ८.६८ ते १२.४० ग्रॅमवर आली. सन २००० मध्यें लहान गाड्यांस २.७२ ग्रॅम, २००५ पासून मोठ्या शहरांत २.३ ग्रॅम, आणि २०१० पासून पुन्हां प्रथम मोठ्या शहरांत १ ग्रॅम, असा हा आंकडा उतरत गेला. पहिल्या व शेवटच्या आंकड्यांची तुलना केली तर चौदापटींहून अधिक घट दिसते. हें सारें श्रेय एकट्या डब्याचें नव्हे. पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रणा व अधिक शुद्ध इंधन यांचाहि त्यांत मोठा वाटा आहे. परंतु डब्यावांचून ती घट झाली नसती, हें निश्चित.

१ एप्रिल १९९५ हा या कथेंतला मोठा दिवस. त्या दिवसापासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांत नव्या पेट्रोल गाडीस कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्याच शहरांत बिनशिशाचें पेट्रोल मिळूं लागलें. पण देशाच्या इतर भागांत शिशाचें पेट्रोल चालूच होतें. विचार करा, मुंबईच्या एखाद्या गृहस्थानें नवी गाडी घेतली आणि कुटुंबासह शिंगणापूर, शिर्डी अशी यात्रा करावयास तो निघाला. मुंबईची टाकी संपली आणि वाटेंत आडगांवच्या पंपावर शिशाचें पेट्रोल भरावें लागलें, कीं त्या महागड्या डब्याचा जीव जावयास आरंभ झालाच. शहर शुद्ध आणि खेडें अशुद्ध अशी वांटणी हवेच्या बाबतींत टिकत नाहीं, हा धडा त्या पांच वर्षांनीं शिकविला. पुढें १९९८ च्या सुमारास ही सक्ती आणखी पुष्कळ शहरांना लागू झाली, आणि सन २००० च्या प्रारंभीं साऱ्या देशांतून शिशाचें पेट्रोल गेलें. जगांतील शेवटच्या देशांत, म्हणजे अल्जीरियांत, तें थांबावयास २०२१ साल उजाडावें लागलें. मिजलीच्या शोधापासून बरोबर शंभर वर्षें झालीं.

मुंबईच्या नागरिकांनीं या लढ्यांत जें केलें तेंहि सांगितलें पाहिजे. सन १९९९ मध्यें "स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम" या नागरिकांच्या संस्थेनें मुंबई उच्च न्यायालयांत दाद मागितली. धुरानें त्रासलेल्या रहिवाशांचा मंच, असा त्या नांवाचा सरळ अर्थ. न्यायालयानें लाल समिति नेमविली, आणि तींतून पुढें जुन्या टॅक्सींना नैसर्गिक वायूवर नेण्याचे हुकूम झाले. कुर्ल्यास तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीनें मुंबईकरांची दोन पिढ्या सेवा केली. ती शेवटीं २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून गेली. तिची आठवण गोड आहे, पण तिच्या मागें उभें राहणाऱ्यास तिच्या धुराचीहि आठवण असेल.

देशभर एकच शिस्त लावण्याचा आराखडा मात्र एका मराठी शास्त्रज्ञाच्या हातून झाला, याचा मला अभिमान वाटतो. गोव्यांतील माशेल गांवीं जन्मलेले, मुंबईंत हलाखींत वाढलेले व पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे एकेकाळचे संचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें २००१ मध्यें इंधन-धोरणाची समिति नेमली. तिचा अंतिम अहवाल २००२ सालीं आला. इंधन आणि वाहन यांची सुधारणा एकमेकांच्या हातांत हात घालून व्हावी, आणि तिचें वेळापत्रक आधीं जाहीर असावें, हें त्याचें सार होतें. कारण शिशाप्रमाणें गंधकहि उत्प्रेरकाचा शत्रु आहे. पेट्रोलमधील गंधक दहा लक्ष भागांस १००० भाग होतें, तें टप्प्याटप्प्यानें १५०, मग ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहामध्यें १० भागांवर आणलें गेलें. चौथ्या टप्प्यावरून पांचवा वगळून एकदम सहाव्यावर जाण्याचा निर्णय सरकारनें २०१६ च्या जानेवारींत जाहीर केला होता. तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यांना त्यासाठीं प्रचंड खर्च करावा लागला. हा सारा खटाटोप कशासाठीं, तर मोटारीखालचा तो डबा जिवंत राहावा म्हणून.

आतां या डब्याच्या आंत काय आहे तें पाहूं. पोलादी कवचांत भाजलेल्या मातीचा, मधमाशांच्या पोळ्यासारखा हजारों बारीक नळ्यांचा ठोकळा असतो. त्या नळ्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अगदीं सूक्ष्म लेप असतो. गाडी थंड असतां तो फारसें काम करीत नाहीं. सुमारें २५० ते ३०० अंश उष्णता चढली म्हणजे तो जागा होतो. मग कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायॉक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलचें पाणी व कार्बन डायॉक्साइड होतें, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा पुन्हां निरुपद्रवी नायट्रोजन होतो. तीन्ही कामें एकदम साधण्यासाठीं एक भाग पेट्रोलास वजनानें १४.७ भाग हवा हें प्रमाण फार काटेकोर राखावें लागतें. त्यासाठीं धुराच्या नळींत प्राणवायु मोजणारें यंत्र बसवितात, आणि डब्याच्या पलीकडे आणखी एक बसवून डबा काम करतो कीं नाहीं याची राखण करतात. डबा ठीक असला तर धुरांतील या विषांचा नऊ-दशांशांहून अधिक भाग नाहींसा होतो.

हिशेब येथेंच आहे. दहांतले नऊ भाग थांबविणारा डबा काढला, तर ती एक गाडी चांगल्या दहा गाड्यांचें विष सोडूं लागते. त्यांत कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं. आपल्या रक्तांतील लाल द्रव्य प्राणवायूपेक्षां त्याला दोनशेंपटींहून अधिक घट्ट धरून ठेवतें, आणि प्राणवायूची जागा तें बळकावतें. जो वास आपणांस येतो, जो धूर डोळ्यांना झोंबतो, तो इतर द्रव्यांचा. म्हणून वास येत नाहीं म्हणजे हवा निर्दोष आहे असें समजूं नये. बंद गाडीखान्यांत इंजिन चालूं ठेवल्यानें माणसें झोपेंतल्या झोपेंत गेल्याचें आपण वाचतों, तें याच वायूमुळें.

मग लोक हा डबा काढतात तरी कां? त्यांची बाजूहि न्यायानें ऐकली पाहिजे. आरंभींच्या अमेरिकन डब्यांत खडे भरलेले असत व धुराची वाट खरेंच तुंबे. इंजिनाचा जोर तेव्हां इतर कारणांनींहि घटला होता, आणि सारा दोष डब्याच्या माथीं आला. तेव्हांपासून डबा काढला कीं गाडी धांवते ही समजूत गराजांतून पिढ्यानुपिढ्या चालत आली. आजच्या पोळ्यासारख्या ठोकळ्यांतून धूर पुष्कळ मोकळेपणानें जातो. तो काढल्यानें मिळणारा लाभ थोडा, आणि तोहि इंजिन अत्यंत वेगानें फिरत असेल तेव्हांच. शर्यतीच्या मैदानावर त्याचें महत्त्व असेल. घोडेगांवच्या रस्त्यावर ऊंसाच्या ट्रॅक्टरमागून सरकणाऱ्या गाडीस त्याचा उपयोग काय? आवाज वाढतो, आणि आवाज वाढला म्हणजे वेगहि वाढल्यासारखा वाटतो. शिवाय पलीकडचें राखणदार यंत्र तक्रार करूं लागतें व समोरचा दिवा लागतो. मग त्या यंत्रास फसविण्यासाठीं आणखी करामती कराव्या लागतात. राखणदाराच्या डोळ्यांत धूळ टाकणें, दुसरें काय.

कायदा याला मुभा देत नाहीं. मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम निर्मात्यानें दिलेल्या घडणींत असा फेरफार करण्यास मनाई करतें, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि तोच निर्वाळा दिला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें अशा फेरफाराबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारास पांच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली; आणि हवेच्या प्रदूषणाचा नियम मोडणारी गाडी रस्त्यावर आणल्यास दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद केली. नव्या नमुन्याच्या गाड्या तपासण्यास पुण्यास १९६६ पासून वाहन-संशोधनाची संस्था आहे. आणि शिंगणापुराहून फार दूर नव्हे, नगरजवळच, लष्करी वाहनांचें संशोधन करणारी संस्थाहि या कामीं अधिकृत आहे. तेथें एकेका गाडीच्या धुराचें ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजमाप होतें. आणि तीच गाडी घरीं आल्यावर एका पान्ह्यानें तें सारें व्यर्थ होऊं शकतें.

आपण म्हणाल, पी. यू. सी.ची तपासणी आहे ना? आहे, आणि तिचा उपयोगहि आहे. चौथ्या टप्प्याच्या पेट्रोल गाडीस उभ्या स्थितींत कार्बन मोनॉक्साइड शेंकडा ०.३ पेक्षां अधिक चालत नाहीं. परंतु या तपासणींत पेट्रोल गाडीच्या नायट्रोजन ऑक्साइडांचें मापच घेतलें जात नाहीं, आणि तीं तर गाडी ओझें ओढीत असतांना अधिक सुटतात. लॉस एंजेलिसचा धुरकट पडदा ज्या दोहोंच्या संगनमतानें झाला, त्यांतील एक आरोपी अशा रीतीनें तपासाच्या बाहेरच राहतो. राखण अपुरी असली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण अमेरिकेंतच पाहावें. तेथें १९७७ पासून अशी मोडतोड स्पष्टपणें निषिद्ध आहे. तरीहि तेथील सरकारी खात्यानें २०२० सालीं केलेल्या अंदाजाप्रमाणें दहा वर्षांत साडेपांच लक्षांहून अधिक डिझेल गाड्यांची धूर-शुद्धीची यंत्रणा काढली गेली होती, आणि त्यामुळें त्या गाड्यांच्या आयुष्यांत पांच लक्ष सत्तर हजार टनांहून अधिक नायट्रोजन ऑक्साइडें जादा सुटतील असें खात्यानें म्हटलें.

आणखी एक गंमत आहे. डब्यांतील ऱ्होडियमचा भाव २०२१ च्या मार्चमध्यें औंसाला सुमारें २९ हजार डॉलरांवर गेला, आणि अमेरिकेंत व इंग्लंडांत रात्रीं गाड्यांखालीं शिरून हे डबे कापून नेणाऱ्या चोरांचा सुळसुळाट झाला. ज्यासाठीं तिकडे चोर तुरुंगाचा धोका पत्करतात, तो डबा माझा पुतण्या मजुरी देऊन काढवून आला होता! मीं विचारलें, "काढलेला डबा कोठें आहे?" तो म्हणाला, "तो गराजवाल्याकडेच राहिला, काका. म्हणाला, भंगारच आहे." मीं अधिक बोललों नाहीं.

बोलणें झालें तें परतीच्या वाटेवर, आणि त्यानंतर पत्रांतून. मीं त्याला वर सांगितलेला इतिहास ऐकविला. तो समंजस मुलगा आहे. त्यानें सारें ऐकून घेतलें, आणि मग सर्वांच्या मनांत येतो तोच प्रश्न विचारला : "पण काका, रस्त्यावर लाखों गाड्या आहेत. माझ्या एका गाडीनें काय होणार?"

याचें उत्तर मला शिंगणापुरानेंच दिलें. त्या गांवांतील घरें उघडीं राहतात तीं भिंती मजबूत आहेत म्हणून नव्हे. शेजारी हात घालणार नाहीं एवढ्या एका भरंवशावर तीं उघडीं आहेत. "मी एकट्यानें एकदांच हात घातला तर काय होणार," असें जितके लोक म्हणतील, तितकीं कवाडें तेथें बसूं लागतील. हवेचेंहि असेंच आहे, फरक इतकाच कीं हवेला कवाड बसवितांच येत नाहीं. श्रीमंत मनुष्य आपल्या घरापुरती हवा गाळून घेईल. वाहनतळावर तेलाच्या बाटल्या घेऊन दिवसभर बसलेल्या त्या बाईनें काय करावें? तिचें आसन मोटारीच्या नळीच्या बरोबर उंचीवर. आमच्या गाडीनें जो मोकळा श्वास घेतला, तो तिच्या श्वासांतून काढून घेतलेला होता. देवाच्या दारीं, जेथें चोरीचें नांव घेत नाहींत त्या गांवांत, आम्ही ती चोरी करून आलों, आणि आमची स्वतःची गाडी मात्र कुलूप लावून ठेवली.

पुतण्यानें पुढें नवा कन्व्हर्टर बसवून घेतला. जुना परत मिळाला नाहीं, आणि नव्यास त्याला चांगलेच पैसे मोजावे लागले. मीं त्याबद्दल त्याला शाबासकी दिली नाहीं. घेतलेली वस्तु जागेवर ठेवली, इतकेंच. परंतु दुसऱ्या खेपेस तो आला तेव्हां इंजिन चालूं असतां गाडीच्या मागें जाऊन स्वतः उभा राहिला, हें मीं ओसरीवरून पाहिलें, आणि मला बरें वाटलें.

श्रोतेहो, आपणांपैकीं पुष्कळांच्या दारीं मोटार असेल. दुरुस्तीस दिली तर काय काढलें व काय घातलें हें विचारून घ्यावें. समोरचा इंजिनाचा दिवा लागला तर तो विझविण्याचा उपाय न शोधतां तो कां लागला हें शोधावें. घरांतील तरुणाला आवाजाची व वेगाची हौस असेल, तर त्याला एकदां चालूं गाडीच्या मागें उभें करून पाहावें. डेव्हीच्या तारेपासून माशेलकरांच्या अहवालापर्यंत जवळजवळ दोनशें वर्षांच्या खटपटीनें जें मिळालें, तें एका दुपारीं गराजांत टाकून येऊं नये, एवढीच माझी विनंति आहे.